ग्रहणावरून शोधलेली कबर

माझा नवरा लुमीर हावरानेक तीन गोष्टींचा वेडा आहे आणि तिन्हींपैकी एकीचाही घराला काडीचा उपयोग नाही. एक आभाळ. दुसरी म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी बैलगाड्या जुंपून आमच्या दारावरून पश्चिमेला गेलेली माणसं. तिसरी म्हणजे तळघरात घरघरणारे कॉम्प्युटर. त्यातला सगळ्यात जुना आमच्या धाकटीच्या वयाचा आहे. त्याला टीव्ही जोडावा लागतो, आणि तो कॅसेटच्या टेपवर गोष्टी लक्षात ठेवतो. मी म्हणते, त्याच्यापेक्षा माझी आई बरी, ब्याण्णवाव्या वर्षी तिला टेपही लागत नव्हती.

तसा माणूस सरळ. साखरेच्या बीटच्या काट्यावर एकतीस हंगाम काम केलं त्यानं. भरलेला ट्रक तोलायचा, बीट उतरवून परत आला की रिकामा तोलायचा, फरक लिहून द्यायचा. एकतीस हंगामांत एकाही शेतकऱ्याचं त्याच्याशी भांडण झालं नाही, आणि आमच्या खोऱ्यातले शेतकरी कसे आहेत ते मला ठाऊक आहे, मी त्यांच्यातलीच.

नोकरी संपली आणि त्यानं शुक्रवारचं पान सुरू केलं. आठवडाभरात त्याला जे काही सापडेल ते लिहून काढायचं आणि ईमेलनं लोकांना धाडायचं. शनीची कडी यंदा कडेनं कशी दिसतात. नदीकाठच्या चाकोरीत सापडलेल्या बैलाच्या नालेचा आकार अर्धाच का असतो. जुन्या कॉम्प्युटरचं अडकलेलं बटण व्हिनेगर लावून कसं सोडवावं. (माझं व्हिनेगर. विचारलं नाही.) आधी गावातले बाराजण वाचायचे, त्यातले चार नातेवाईक. मग वाढत वाढत साडेतीनशे झाले. कोण कुठला ऑस्ट्रेलियातला मेंढपाळ, तोही स्वतःला सापडलेलं काहीबाही लुमीरला पाठवायला लागला.

पण पानाची सुरुवात आभाळानं होत नसे. पहिला मथळा कायम एकच: ‘गेल्या शुक्रवारची चूक’. एकदा लिहिलं होतं, घोडदळातल्या शिपायाचं बटण सापडलं म्हणून. नंतर निघालं कुणाच्या तरी कामाच्या चड्डीचं. त्याच्यावर चार ओळी. चूक सापडली नाही तर बिचारा खट्टू व्हायचा आणि लिहायचा, “या खेपेला चूक दिसली नाही, कुणाला दिसल्यास कळवावे.”

मी म्हणायचे, “अरे, स्वतःच्या तोंडाला काळं फासायला शुक्रवारच कशाला हवा? रोज फासत जा.”

“रोज तेवढं लिहून होत नाही ना,” तो म्हणायचा. हे तो खरंच मनापासून म्हणायचा, म्हणून मला जास्त राग यायचा.

तर हे असं एकोणीस वर्षं चाललं होतं. पुढं जे झालं त्यात कोण बरोबर आणि कोण चूक, हे मला अजून धड सांगता येत नाही. मी जसं झालं तसं सांगते.

चार वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगनहून एक पत्र आलं. इलोइझ प्रॅथर नावाची बाई, तेव्हा वय ऐंशी, जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलेली. कुणीतरी तिला लुमीरचं पान दाखवलं होतं. तिच्या पणजीची एक वही घरात होती, त्यातल्या दोन पानांच्या प्रती तिनं जोडल्या होत्या. पणजीचं नाव लव्हिनिया. नवरा, सासरा आणि दोन वर्षांचा आसा यांच्यासोबत ती बैलगाडीतून पश्चिमेला निघाली होती. वाटेत आसाला ताप भरला. एका संध्याकाळी चंद्राला ग्रहण लागलं. लव्हिनियानं लिहिलं होतं, “बाबांच्या घड्याळात नऊ वाजून बारा मिनिटं झाली तेव्हा चंद्राची कड काळी पडू लागली. आसाला कांबळ्यात गुंडाळून बाहेर आणलं आणि दाखवला. तो हसला.” पहाटे पोर गेलं.

त्या काळी वाटेवर मेलेलं माणूस वाटेतच पुरत. अगदी चाकोरीच्या मधोमध. मग सगळ्या गाड्या त्यावरून नेत, म्हणजे माती सपाट होते, कोल्ह्यांना वास लागत नाही आणि कुणी उकरत नाही. आसावरून बावीस गाड्या गेल्या, आणि त्यातली एक त्याच्या आईची. खूण अशी काही ठेवलीच नाही, आणि जागेचं नाव लिहायला जागेला नावच नव्हतं. लिहिलं होतं एवढंच, की उजव्या हाताला नदी आणि रेताड चढ. असले चढ आमच्याकडे पैशाला पासरी.

लव्हिनिया नव्वद वर्षं जगली. पूर्वेकडून कुणीही आलं की ती विचारायची, नदीकाठचा असा असा चढ तुम्ही पाहिलात का. तिच्यामागं तिची मुलगी विचारायची. मग इलोइझची आई. मग इलोइझ. पत्रात शेवटी तिनं लिहिलं होतं, “मला मूलबाळ नाही. माझ्यामागं विचारणारं कुणी नाही. ग्रहणावरून काही कळतं का?”

लुमीर सात आठवडे तळघरातून वर आला नाही. जेवायला यायचा म्हणा, पण तेव्हाही आलेला नसायचा. त्यानं मला समजावलं ते मला असं समजलं. ग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागतं. पण त्या काळी वेळ गावोगावची वेगळी होती, सूर्य माथ्यावर आला की त्या गावात बारा. म्हणजे पूर्वेच्या गावात आधी बारा वाजणार, पश्चिमेच्या गावात मागाहून. मग एखाद्याच्या घड्याळात ग्रहण किती वाजता लागलं हे कळलं, की तो पूर्वपश्चिम कुठं उभा होता हे काढता येतं. लुमीरनं त्याच्या त्या टेपवाल्या कॉम्प्युटरला ग्रहणाचं गणित शिकवलं, मग नव्यावर पडताळलं, मग कागदावर हातानं. तिन्हीकडे उत्तर एकच. आमच्या घरापासून सहा मैलांवर, केसलर नावाच्या शेतकऱ्याच्या कुरणात. तिथं चाकांच्या चाकोऱ्या अजून दिसतात, उजवीकडे नदी आहे आणि रेताड चढही आहे.

त्या दिवशी तो जिना चढून वर आला तेव्हा कठडा धरून उभा राहिला. मला वाटलं छातीत दुखतंय. तो म्हणाला, “मार्व्हा, पोरगं आपल्याकडेच आहे गं.”

मग इलोइझ आली. काठी टेकत टेकत त्या कुरणात गेली. ओरेगनहून आणलेला दगड बसवला, आसाचं नाव कोरलेला. गावातली चाळीस माणसं जमली, मी कोलाचे नावाचे गोड पाव भाजले, खसखशीचे आणि जर्दाळूचे. तालुक्याच्या पेपरात फोटो आला. इलोइझ आमच्याकडे चार दिवस राहिली. पहिल्या सकाळी उठून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “मी काल रात्रभर झोपले. माझी आई अशी कधीच झोपली नाही.”

मला ती आवडली. बाई तोंडाची फटकळ, हाताची सढळ. दोनशे पोरांची भाजी एका कढईत करणारी बाई माझ्याशी चार दिवस पिठावर बोलत राहिली. गाडीतून फिरायचो तेव्हा ती पुढं माझ्याशेजारी बसायची आणि लुमीरला मागं टाकायची. मग दर हिवाळ्यात तिच्याकडून पाच पौंड हेझलनट यायचे, आणि दर वसंतात मी तिला पत्र लिहायचे. कुरणात काय उगवलं, दगडाला बर्फानं काही केलं नाही ना, असलं. पाकिटावर ती कायम माझंच नाव घालायची.

आता यंदाचा मार्च. मी माझ्या बहिणीकडे गेले होते, पूर्वेला अडीच तासांवर. वाटेत वेळेची रेघ लागते. तिच्यापलीकडे गेलं की घड्याळं एक तास पुढं. माझी बहीण बारा म्हणते तेव्हा माझे अकरा. मी मनगटावरचं घड्याळ कधीच बदलत नाही, दोन दिवसांनी परतच यायचं असतं, कोण त्या किल्लीशी खेळत बसणार? पण या खेपेला भाच्यानं हौसेनं बदलून दिलं होतं. घरी आले, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, कॉफी ओतली.

लुमीर म्हणाला, “साडेपाच वाजले? एवढे कसे वाजले?”

“साडेचारच वाजलेत. घड्याळ तिकडचं आहे.”

“तिकडचं म्हणजे?”

“तिकडं लावलं, म्हणून तिकडची वेळ सांगतंय. त्याला काय माहीत मी घरी आले ते?”

मी आपलं सहज बोलले. तो घड्याळाकडे बघत राहिला. मग उठला आणि तळघरात गेला. कॉफी गार झाली. तासाभरानं वर आला तो हातात लव्हिनियाच्या वहीच्या प्रती घेऊन.

“पहिल्या पानावर बघ,” तो म्हणाला. “हे मी शंभरदा वाचलंय.”

तिथं लिहिलं होतं, की पूर्वेच्या लष्करी किल्ल्यावर मुक्काम केला, पीठ घेतलं, बाबांनी घड्याळ लावून घेतलं.

“मग?”

“मी धरून चाललो होतो, की ते रोज दुपारी सूर्य बघून घड्याळ लावत होते. काही काफिल्यांत लावायचे, तसं मी वाचलं होतं. पण यांनी किल्ल्यावर लावलं आणि तसंच पुढं चालवलं असेल तर? मग त्या घड्याळानं मला आसाची जागा सांगितलीच नाही, मार्व्हा. शेवटचं कुठं लावलं तेवढंच सांगितलं.”

“पण उत्तर तर केसलरच्या कुरणात आलं.”

“घड्याळ किल्ल्यावरच्याच वेळेचं, पण रोज मिनिटभर मागं पडत असेल, तरी तेच उत्तर येतं. गणित चुकलं नाही. मी चुकलो.”

“मग पोरगं आहे कुठं?”

“किल्ल्यापासून पुढं कुठंही. दोनशे मैलांत.” तो खुर्चीत बसला. “उत्तर आपल्या दाराशी आलं ना, म्हणून मी परत विचारलंच नाही. दुसऱ्याच्या दाराशी आलं असतं तर दहा वेळा विचारलं असतं.”

मग माझ्या डोक्यात एकच आलं. म्हटलं, “लुमीर, हे तू कुणाला सांगायचं नाहीस.”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं जणू मी परकी बाई आहे.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” मी म्हटलं. “ती म्हातारी चार पिढ्यांनंतर पहिल्यांदा झोपतेय. तिची झोप मोडून तुला काय मिळणार? पानावर चार ओळी?”

“पण ते खरं नाही.”

“असेलही. तूच म्हणालास ना, दोनशे मैलांत कुठंही. मग केसलरच्या कुरणातही असू शकतो.”

“असू शकतो,” तो म्हणाला. “पण मी ‘आहे’ असं लिहिलंय.”

त्या शुक्रवारी पान गेलं नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. पानाची पहिली ओळ कायम चुकीबद्दलची, आणि ही चूक लिहायची तर इलोइझ वाचणार, न लिहायची तर बाकीचं पान त्याच्यानं लिहवेना. दुसऱ्या शुक्रवारी नाही, तिसऱ्याही नाही. फोन यायला लागले. तो ऑस्ट्रेलियातला मेंढपाळ मला विचारतो, बाई, तुमचे यजमान वारले का. मी म्हटलं, अजून नाही, तुम्हाला कळवू. लुमीर अंगणात जायचा, दुर्बिणीवरचं कापड काढायचा, नुसता उभा राहायचा आणि परत कापड घालायचा. मला त्याची कीव यायची आणि कीव आली की मी भांडायचे. रोज सकाळी ठरवायचे की त्याला म्हणावं, बाबा, लिहून टाक. आणि रोज दुपारी इलोइझचा चेहरा आठवला की वाटायचं, नको, हात दाखवून अवलक्षण कशाला.

एप्रिल आला. दर वर्षी एप्रिलमध्ये मी पत्र लिहायचे. न लिहावं तर तिला शंका येणार. लिहावं तर काय लिहायचं? मी आपलं मनाशी म्हटलं, गवताबद्दल लिहायला काय हरकत आहे, गवत काही खोटं नाही. कुरणात जाऊनही आले. आणि लिहिलं, की आसाच्या उशाला यंदा गवत घोट्यापर्यंत आलंय, कुंपणावर पिवळ्या छातीचा पक्षी बसून गातो, आणि तुम्ही काळजी करू नका, तो एकटा नाही, आम्ही आहोत शेजारी. छान झालं होतं पत्र. लुमीरला दाखवलं नाही. पेटीत टाकून आले आणि घरी येऊन, का कुणास ठाऊक, सगळी कपाटं पुसली.

मेमध्ये तिचं उत्तर आलं. डॉक्टरांनी पोटात काहीतरी सांगितलंय, फार दिवस नाहीत, पण ती घाबरलेली नाही. तिनं वकिलाकडे जाऊन लिहून ठेवलंय, की तिची राख आसाच्या दगडाशेजारी पुरावी. भाची ती घेऊन येईल. त्याआधी एकदा स्वतः येऊन जागा नक्की करायची आहे, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येते, मार्व्हानं उगाच फार रांधू नये.

पत्र मी दोनदा वाचलं. लुमीरनं ते माझ्या हातातून घेतलं, वाचलं आणि सरळ फोनकडे गेला.

“फोनवर नको,” मी म्हटलं.

“मग कधी? राख आल्यावर?”

“आजारी आहे ती. मरू दे ना तिला समाधानानं.”

“मार्व्हा, ती जन्मभरासाठी... जन्मानंतरसाठी तिथं येतेय. मी म्हणालो म्हणून. आणि तिथं कदाचित कुणीच नाही.” त्यानं फोन खाली ठेवला. “मी तिला रिकाम्या जागेशेजारी ठेवू?”

मेलेल्या माणसाला शेजार लागतो का? जिवंतपणी ज्या समजुतीवर झोपतो ती खरी असायलाच हवी का? आमच्या पाद्र्याला आडून आडून विचारलं तर त्यानं मला एक पुस्तिका दिली. शेवटी आमचं एवढंच ठरलं, की फोन करायचा नाही, ती आल्यावर लुमीर तोंडानं सांगेल. मी मनात म्हणत होते, ती आली आणि दगडाजवळ उभी राहिली की याची जीभ रेटणारच नाही.

ती आली. अर्धी झाली होती. विमानतळावर मला मिठी मारली तर कोटाच्या आत माणूस शोधावा लागला. तरी तोंड तसंच. म्हणाली, “मार्व्हा, तू जाड झालीस. बरं झालं, माझ्या वाटचं तू ठेवून घेतलंस.” नेहमीसारखी पुढं माझ्याशेजारी बसली आणि दीड तास बोलत होती. लुमीर मागं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरणात गेलो. वारा होता. इलोइझ दगडाच्या डाव्या बाजूला उभी राहिली, मग उजव्या बाजूला गेली, काठीनं जमीन ठोकून पाहिली, बाजारात जागा बघावी तशी. म्हणाली, “ही बाजू बरी. इथून नदी दिसते.”

लुमीरनं टोपी काढली. “इलोइझ, मला तुम्हाला एक सांगायचंय. माझी चूक झालीय.”

आणि सांगितलं. सगळं, अगदी ट्रकचं वजन वाचून दाखवावं तसं, काही न गाळता. घड्याळ, किल्ला, रोजचं मिनिट, दोनशे मैल. मध्येच त्याचे डोळे वाहू लागले, पण तो थांबला नाही. मी केसलरच्या गाईंकडे बघत होते.

इलोइझ हळूच दगडावर बसली. काठी मांडीवर आडवी ठेवली.

“म्हणजे इथं खाली कुणी नाही?”

“माहीत नाही.”

“असेलही?”

“असेलही. पण मला सांगता येणार नाही.”

ती दगडावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. “आमच्या घरात चार पिढ्या नुसत्या विचारत बसल्या, लुमीर. शोधायला बसलास तो तू एकटा. तुला मी काय बोलू?” मग नाक पुसलं आणि म्हणाली, “राख भाचीकडे राहील. तिच्या कपाटात बसेन मी. तू शोधत राहा.”

मला इतकं हलकं वाटलं, की मी पुढं होऊन तिचा हात धरायला गेले. तेवढ्यात तिनं विचारलं, “हे तुला कधी कळलं?”

“मार्चमध्ये,” लुमीर म्हणाला. त्याला दुसरं काही म्हणताच येत नाही.

इलोइझनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “तुलाही?”

“हो.”

“तुझं पत्र एप्रिलमध्ये आलं.”

“हो.”

“त्यात तू लिहिलंस, तो एकटा नाही, आम्ही आहोत शेजारी.”

मी मान हलवली.

“ते वाचून मी वकिलाकडे गेले, मार्व्हा,” ती म्हणाली. “भाची म्हणत होती ओरेगनलाच राहा, तिथल्या नदीपाशी आपली सगळी माणसं पुरलेली आहेत. मी तिला तुझं पत्र दाखवलं. म्हटलं, मला तिकडे नेऊन ठेव, तिथं शेजार चांगला आहे.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, तुमचं मन दुखवायचं नव्हतं, तुमच्यासाठीच केलं, आणि अजून काहीबाही. बोलता बोलताच मला कळत होतं की हे ऐकायला कसं वाटतंय. लुमीरला पत्राचं ठाऊकच नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता, रागानं नाही, गोंधळून. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात ज्या काट्यावर विश्वास ठेवला तो हलला, तर माणूस बघेल तसा. मला लाज वाटली. एवढी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

परत जाताना इलोइझ मागं बसली, लुमीरशेजारी.

दोन दिवस ती राहिली आणि माझ्याशी नीट वागली, हे सगळ्यात वाईट. मीठ दे, धन्यवाद, पुरे. निघताना लुमीरला मिठी मारली, मला हात दिला.

त्या शुक्रवारी पान गेलं. गेल्या शुक्रवारची चूक, एकेचाळीस ओळी. मला वाटलं होतं लोक थुंकतील. लोकांनी आपापले माळे उपसले. कुणी नकाशे पाठवले, कुणी पत्रं. आयोवातल्या एका माणसाला त्याच काफिल्यातल्या दुसऱ्या बाईची वही सापडली. त्यात ग्रहणाच्या रात्रीचा मुक्काम आणि तिथला एक झरा लिहिलाय. लुमीर म्हणतो, दोनशे मैलांचे आता साठ झाले. तो परत तळघरात राहतो. केसलरच्या कुरणातला दगड तसाच आहे. काढू नकोस, असं तिनंच सांगितलं.

तिची पत्रं येतात. पाकिटावर फक्त लुमीरचं नाव असतं. मी ती पेटीतून काढते आणि न उघडता त्याच्या ताटाशेजारी ठेवते. तो मोठ्यानं वाचून दाखवतो, पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत. त्यात झरा असतो, साठ मैल असतात, औषधं असतात. मी नसते. वाचून झालं की तो कागद जरा वेळ धरून ठेवतो, म्हणजे मला काही बोलायचं असलं तर बोलावं.

परवा बोलले. म्हटलं, “मी तिला काय लिहू?”

“झालं ते लिही.”

“तिला ठाऊक आहे झालं ते.”

“तू सांगितलेलं नाहीस.”

“सुरुवात कशी करू?”

त्यानं कोरा कागद आणून माझ्यापुढं ठेवला. “तिच्या नावानं कर,” म्हणाला आणि तळघरात गेला.

मी ‘प्रिय इलोइझ’ लिहिलं. गवताबद्दल काही लिहायचं नाही, पक्ष्याबद्दल नाही, एवढं मला कळतं. मग राहतो एकच शब्द, लुमीर दर शुक्रवारी पहिल्या ओळीत लिहितो तो, आणि तो मी सत्तेचाळीस वर्षांत घरातसुद्धा कुणाला म्हटलेला नाही. आज सकाळी भाचीचा फोन आला होता. इलोइझ आता उठून बसत नाही, पण वाचून दाखवलं तर ऐकते, म्हणाली. लुमीरला द्या म्हणाली फोन, मी दिला. कागद अजून टेबलावर आहे.